येशीतला मुक्काम

आप्पांनी पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तसेच थांबले.

"हे पाणी हाटेलाचंच हाय न्हवं?"

"हो आप्पा, हॉटेलचंच."

"तुझ्या घरनं आणलेलं न्हाई?"

"माझ्या बाटलीतलं तुम्ही विमानतळावरच नको म्हणालात. ही बघा, भरलेली तशीच आहे."

मग त्यांनी तो ग्लास एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि काउंटरमागच्या बाईंना हात जोडले. "लई दमलो होतो. पानी मीठा है आपका."

बाई हसल्या. त्यांनी आप्पांचं धोतर पाहिलं, टोपी पाहिली, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "ई तोहार बाबूजी?"

आप्पांचा चेहरा उजळला. लायडनसारख्या परक्या शहरात, कालव्याच्या काठावरच्या चारशे वर्षं जुन्या, चिंचोळ्या घरात, कुणीतरी त्यांना कळेल असं बोललं होतं. त्या बाईंचं नाव इंद्रा रामौतार. त्यांच्या पणजोबांना बिहारातून सुरीनामला ऊसमळ्यात राबायला नेलं होतं, आणि तिथून आईवडील हॉलंडला आले. त्यांच्या हॉटेलात लिफ्ट नव्हती, खोल्या पेटीएवढ्या, जिना तर शिडीच, धरायला कठड्याऐवजी दोर. म्हणूनच ते मला परवडण्यासारखं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरची आप्पांची खिडकी थेट पाण्यावर उघडायची.

"वर चढवेल ना?" मी विचारलं.

"आगं, मला काय झालंय? तू म्होरं हो."

खोलीत गेल्यावर त्यांनी पिशवीतून दशम्यांचं गाठोडं काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि खिडकीशी बसून खायला लागले. मला म्हणाले, "तूबी घे. तू माझ्यातलं खाल्लंस तर चालतं."

मी खाल्लं. दशमी कडक झाली होती. चुलीचा वास तेवढा होता तिला अजून.

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हा नेम होता. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. लहानपणी आमच्या वडूजच्या आसपास तो पाळणारे म्हातारे मी पाहिले होते. भाकरी फडक्यात बांधून लेकीच्या गावाला यायचे, येशीतच, गावाच्या तोंडाशी, झाडाखाली बसायचे. लेकीला तिथंच बोलावून घ्यायचं, डोळे भरून बघायचं, आणि दिवस मावळायच्या आत माघारी फिरायचं. आई शेवया करायला बसली की त्यांच्यावर ओव्या म्हणायची. स्वतःच जुळवायची, स्वतःच विसरायची. एक मला राहिली आहे:

बापाची गं गाडी लेकीच्या गावा आली
येशीच्या लिंबाखाली त्यानं बैलं सोडियेली

पण हा नेम आप्पाही पाळत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. माझी थोरली बहीण मंदाताई कराडला दिलेली. तिला वर्षाच्या आत मुलगा झाला, त्यामुळे तिच्या घरी हा प्रश्न आला नसेल, असं मी धरून चालले. माझ्या लग्नाला मात्र सात वर्षं झाली होती. आप्पांनी फोनवर सांगितलं, "येतो तुला बघायला. पर राहायची सोय भाईर कर, वैजू. नातवंडाचं तोंड बघस्तवर लेकीच्या घरी पाणी न्हाई पिणार." ते ऐकून मला एकदम रडू आलं, आणि त्याच क्षणी छातीवरचा धोंडाही उतरला.

कारण आप्पांना न्यायला माझ्याकडे घरच नव्हतं.

पुष्कर आणि मी मागच्या हिवाळ्यात वेगळे झालो होतो. भांडण असं झालंच नाही. एका सकाळी दोघांनाही एकमेकांना चहा विचारावासा वाटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग ते तसंच होत गेलं. तो आइंडहोवनला गेला. मी गावाबाहेर एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात वरची एक खोली घेतली. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. स्वयंपाकघर चौघींत मिळून. प्रयोगशाळेतून संध्याकाळी आले की दिवा लावायचा, आणि तो लावला की खिडकीच्या काचेत मीच दिसायची.

हे वडूजला कुणालाही ठाऊक नव्हतं. पुष्कर आमच्यातला नव्हता. लग्न माझं मी ठरवलेलं. भावकी उठली होती तेव्हा, सख्ख्या चुलत्यांनी आमच्या दारात पाय ठेवायचं सोडलं. आप्पा एकटे माझ्या बाजूला उभे राहिले होते, सायकलच्या दुकानात, हातात पाना घेऊन, आल्यागेल्याला ठणकावून सांगत, "पोरीनं शोधलंय ते सोनं शोधलंय." त्या माणसाला आता काय सांगायचं? शिवाय आई गेल्यापासून त्यांना दोन वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. मी ठरवलं होतं, हे दिवस काढायचे. त्यांनी हसत यावं, हसत जावं. त्यांना काही कळता कामा नये.

रोज सकाळी मी सायकलवरून हॉटेलवर यायची. आप्पा तोवर अंघोळ उरकून, टोपी घालून, खालच्या छोट्या जेवणघरात ऐटीत बसलेले. इंद्राबाई त्यांच्यासाठी अंडी उकडून द्यायच्या. पाव आप्पांना आवडला नाही. चीज तर अजिबात नाही.

"साबणासारखं लागतंय," ते मला हळूच म्हणाले. "पर बाईला सांगू नगंस. प्रेमानं वाढत्यात."

"काय म्हणतात?" इंद्राबाईंनी विचारलं.

"म्हणतात, फार चांगलं आहे."

"तो और देती हूँ!" आणि ताटलीत आणखी दोन तुकडे पडले. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कितीतरी दिवसांनी पोटातून हसू आलं.

मग आम्ही कालव्याच्या कडेनं चालायचो. आप्पांना प्रत्येक गोष्टीचं नवल. घरांच्या माथ्यावर लोखंडी आकडे कशाला? जिना अरुंद म्हणून पलंग-कपाटं दोरानं वर ओढून खिडकीतून आत घेतात. बरं, माणसं घर करून राहतात त्या होड्यांवर ह्या फुलांच्या कुंड्या कशाला? हौस, आप्पा. आणि कठड्याला बांधून ठेवलेल्या शेकडो सायकली बघून ते दर दहा पावलांवर थांबायचे. "आगं, ह्यांच्या चेनी बघ. तेलाचं नाव न्हाई. ह्या गावात मला उभा जन्म पुरला नसता."

"टाका दुकान इथंच."

"टाकलं असतं. पर हितं गिऱ्हाइकाशी भांडायचं कुठल्या भाषेत?"

दुपारी दमले की आम्ही बाकावर बसायचो. झाडांची पानं पाण्यावर पडत असायची. काळ्या पाणकोंबड्या, कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या, त्या पानांतून वाट काढत जायच्या. आप्पा फारसं बोलायचे नाहीत. बाकावर आमच्या दोघांच्यात एक माणूस बसेल एवढी जागा असायची, आणि ती कुणाची हे मला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "पुष्कर जर्मनीला गेलाय, आप्पा. ऑफिसचं काम. अचानक निघालं."

"बरं," ते म्हणाले.

त्यापुढे एक अक्षर नाही. जावई कधी येणार, फोन तरी लावून दे, काहीच नाही. मला वाटलं, राग आला असेल. सासरा सातासमुद्रापलीकडून आला आणि जावई भेटायलाही नाही. मानाची माणसं आमच्याकडची. लग्नात नारळ कुणाच्या हातात आधी दिला यावरून पिढ्यानपिढ्या न बोलणारी.

संध्याकाळ मात्र अवघड जायची. मी निघाले की ते खिडकीत उभे राहायचे. पुलावर पोचून मी मागं बघायची, हात करायची. तेही हात करायचे. त्या मोठ्या, काळोख्या पाण्यावर एकच पिवळी चौकट, आणि तिच्यात टोपी. मला वाटायचं, मागं फिरावं, शिडी चढून जावं, खाली जमिनीवर त्यांच्या पायाशी झोपावं. पण मला घर आहे असं दाखवायचं होतं, आणि घर असलेली बाई रात्री घरीच जाते, नाही का? मग मी त्या रिकाम्या खोलीकडे पायडल मारत निघायची. वाटेत आईची दुसरी ओवी डोक्यात फिरायची:

लेक पुसं बापाला, घरी का वो येत न्हाई
बाप म्हनं लेकी माझे, ऊन मला लागत न्हाई

लहानपणी मला कळायचं नाही. उन्हात बसलेला माणूस ऊन लागत नाही असं का म्हणेल?

एका सकाळी मी जरा लवकर पोचले. सायकल लावून आत येत होते, तर जेवणघरातून इंद्राबाईंचा आवाज आला. त्या दोघांच्या बोलीत आता बरीच सोय झाली होती. आप्पा अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलायचे, त्या त्यांची ती जहाजावरून आलेली भाषा बोलायच्या, आणि दोघांचंही भागायचं.

"दामाद नहीं दिखे, बाबूजी? एक्को दिन नहीं आए?"

मी दारातच थांबले.

"आये थे ना," आप्पा म्हणाले. "परसों. तुम बाजार गई थी तब. घंटाभर बैठे. मेरे लिए ये मफलर लेके आये."

"अच्छा! बढ़िया है."

"हा. लई गुणाचा पोरगा है."

तो मफलर त्यांनी निघताना वडूजच्या बाजारातून घेतला होता. मी पाहिला होता बॅगेत, किमतीच्या चिठ्ठीसकट.

मी पुन्हा बाहेर गेले आणि पाण्याकडे बघत उभी राहिले. आप्पा खोटं बोलले होते. दुकानात गिऱ्हाइकाला ट्यूबला किती पंक्चर आहेत तेही खरंच सांगणारे आप्पा. एका परक्या बाईसमोर लेकीची, घराण्याची लाज झाकायला त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर पुढं केला. आणि हे मी त्यांच्यावर आणलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, पुरे. आज सांगायचं. आपण वाचवतोय म्हणून जे करतोय त्यानंच हे माणूस खचतंय.

दुपारी बाकावर बसल्यावर मी म्हणाले, "आप्पा, मला एक सांगायचं होतं."

"हां."

"म्हणजे... पुष्करबद्दल."

आप्पांनी एकदम हात वर केला. "ती होडी बघ! आगं, नवरानवरी बसल्यात त्यात!"

खरंच, फुलांनी मढवलेली होडी होती. पांढऱ्या झग्यातली मुलगी, तिच्याभोवती गाणारी माणसं. होडी पुलाखालून जाईतोवर आप्पा तिच्याकडे बघत राहिले. नंतरही, पाणी हलायचं थांबेपर्यंत, त्यांनी मान वळवली नाही.

"चल," ते उठत म्हणाले, "गार वारं सुटलंय."

मी ते तिथंच गिळलं. एकदा गिळलेलं पुन्हा तोंडात येत नाही. उरलेले दिवस आम्ही चीज, सायकली, मंदाताईच्या पोराची दहावी, एवढ्यावरच बोलत काढले.

आप्पांच्या जायच्या दिवशी वादळ आलं.

सकाळपासूनच कालव्याचं पाणी उलटसुलट होत होतं. आम्ही बॅग घेऊन स्टेशनवर पोचलो तेव्हा फोनवर विमान कंपनीचा निरोप. विमान रद्द. उद्या दुपारचं देऊ म्हणाले. आम्ही भिजत पुन्हा हॉटेलवर आलो.

इंद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "बेटी, कमरा नहीं है. आज तो कहीं नहीं मिली."

दुसऱ्या दिवशी त्या शहराचा सण होता. साडेचारशे वर्षांपूर्वी शत्रूनं लायडनला वेढा घातला, लोक उपासमारीनं मरायला लागले, तेव्हा बांध फोडून रानात पाणी सोडलं आणि त्या पाण्यावरून होड्या अन्न घेऊन आल्या. तो वेढा उठल्याचा दिवस. लोक मासे आणि पांढरा पाव वाटतात, गल्लोगल्ली पाळणे लागतात, आणि गावातली एकूण एक खोली आदल्या वर्षीच ठरून गेलेली असते. आप्पांच्या खोलीत दुपारीच एक कुटुंब येऊन उतरलंही होतं. वरून त्यांच्या मुलांच्या उड्यांचा आवाज येत होता.

मी फोन काढला. एक हॉटेल, दुसरं, तिसरं. सगळीकडे तेच उत्तर. आप्पा बॅगेवर बसून माझ्याकडे बघत होते.

"हेगमध्ये बघते, आप्पा. ट्रेननं जवळ आहे. तिथं नक्की मिळेल."

"ट्रेन भी बंद होत है," इंद्राबाई म्हणाल्या. मग त्यांनी काउंटरवरून पुढं वाकून माझा हात धरला. "सुन. बाबूजी हमरे घर चलें. खाली खटिया है. हम रोटी बनाइब, आलू बनाइब. का बात है?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक रात्र. फक्त एक रात्र निघाली की झालं. "आप्पा, किती छान! इंद्राबाईंकडे जाता का? त्यांच्याकडे तुम्हाला गरम जेवण..."

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"का पण?"

"लेक गावात असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?" ते उठले. इंद्राबाईंना म्हणाले, "बहेन, बुरा मत मानना. मैं लडकी के इधर जाता."

"आप्पा, तुमचा नेम!" माझा आवाज चिरकला. "तुम्हाला माझ्याकडे पाणीसुद्धा चालत नाही. नातवंड नाही अजून. तुम्हीच म्हणालात."

"चल तू," ते म्हणाले, आणि बॅग उचलून दाराबाहेर पडले.

बसथांब्याच्या काचेआड आम्ही दोघंच होतो. पाऊस आडवा मारत होता. मी मनात भराभर जुळवत होते: घराचं काम काढलंय, म्हणून तात्पुरती खोली घेतलीय, पुष्करचे कपडे तिकडेच राहिलेत. काहीच नीट बसत नव्हतं. आप्पांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या डोक्याला गुंडाळला, लहानपणी शाळेत सोडताना बांधायचे तसा, हनुवटीखाली गाठ मारून.

"मंदीच्या घरी मी लग्नाच्या आठव्या दिवशी जेवलो," ते म्हणाले. "वांग्याची भाजी केलती तिनं. मीठ न्हवतं. दोनदा मागून घेतली."

माझं जुळवणं तिथंच थांबलं.

"असला नेम आपल्या घरात कुणी पाळलाय? तुझा आजा पाळायचा. मी न्हाई."

"मग मला का म्हणालात?"

आप्पा रस्त्याकडे बघत होते. बस अजून दिसत नव्हती.

"मी तुझ्याकडं उतरतो म्हटलं असतं, तर तुला कुलूप उघडावं लागलं असतं."

मी हनुवटीखालची गाठ सैल केली.

"कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यात आलता तो. पुष्कर. दुकानात. पायावर डोकं ठेवलं, आन म्हनला, वैजू तुमाला सांगणार न्हाई, म्हणून मी सांगाय आलो. रडला लई."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? च्या पाजला. उपाशी दिसत होता."

मला हसू आलं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. "मग मला एक फोन करायचा आप्पा. एवढे महिने मी तुमच्याशी काय काय खोटं बोलत होते, तुम्ही ऐकत होता..."

"काय बोलू फोनवर? तुझी आई असती तर तिनं इचारलं असतं. खोदून खोदून इचारलं असतं, आन तुला मोकळंबी केलं असतं. मला इचारता येत न्हाई, पोरी. मला नुसतं बसता येतं. म्हणून आलो. म्हटलं, जवळ जाऊन बसू."

"मी सांगत होते त्या दिवशी. तुम्ही होडी दाखवलीत."

"व्हय," ते म्हणाले. "तुझं तोंड बघून मलाच ऐकवंना."

"आणि भावकी? त्यांना काय सांगणार?"

"काय सांगायचंय? पोरगी तिकडं हाय, नोकरी करती, बरी हाय. हे काय खोटं हाय?" मग थांबून, माझ्याकडे न बघता, "हाय का खोटं? बरी हायस न्हवं?"

सगळ्या मुक्कामात त्यांनी माझ्याबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाच कळलं नाही. तेवढ्यात बस आली.

खोलीचं दार मी उघडलं तेव्हा आप्पांनी आधी चपला काढल्या, मग उंबऱ्याशी वाकून हात लावला आणि कपाळाला नेला. त्या दाराला उंबरा नव्हता, नुसती लोखंडी पट्टी होती. आत येऊन ते एकुलत्या खुर्चीवर बसले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "खिडकी चांगली हाय. उजेड येत असंल."

"येतो. सकाळी येतो."

"मग झालं तर. काय करतीस खायला?"

मी खाली सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पिठलं केलं, भात केला. ताट एकच होतं माझ्याकडे. ते आप्पांना दिलं, मी पातेल्यातच जेवले, पलंगावर बसून. त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. मी घाबरून विचारलं, "मीठ नाही का?"

"हाय की," आप्पा म्हणाले. "आता काय बापानं चांगलंबी खाऊ नये?"

पलंगावर झोपायला मात्र ते काही केल्या तयार झाले नाहीत. माझी रजई खाली घालून, उशाला बॅग घेऊन आडवे झाले आणि मी दिवा मालवायच्या आत घोरायलाही लागले. त्या खोलीत माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा श्वास मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सकाळी वादळ निवळलं होतं. विमानतळावर निरोप घेताना आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते, जरा वाकडे.

"पाठ धरली का?"

"जमीन गार हाय लई तुझ्या घराची," ते म्हणाले. "म्होरल्या खेपेला एक गादी आणून ठेव."

आणि टोपी नीट करून, मागं न बघता, गर्दीत शिरले.

मी परत आले तेव्हा सगळं लायडन रस्त्यावर होतं. बँडवाले, शेपटीला धरलेला मासा वरून तोंडात सोडणारी माणसं, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं. मी त्यांच्यातून वाट काढत गादीच्या दुकानापर्यंत गेले. बंद होतं. सणाला सगळंच बंद असतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण मी काचेला नाक लावून आतल्या गाद्या बघत बराच वेळ तिथं उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी घेतली. गुंडाळून सायकलच्या कॅरियरला आडवी बांधली आणि हातात धरून चालत निघाले. पुलावर दोन सायकलवाले माझ्यामुळे अडकले, एकानं घंटी वाजवली. घरी जिन्यात घरमालकीण भेटल्या. त्यांनी दुसरं टोक धरलं.

"पाहुणे येणार आहेत?"

"माझे वडील."

"अरे वा! कधी?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

गादी अंथरली तर खोलीचं दार पुरतं उघडेना. जेमतेम वीतभर फट राहायची. बाईंनी सुचवलं, तोवर गुंडाळून उभी ठेव की भिंतीशी. मी हो म्हटलं, पण ठेवली नाही. आप्पा पुढच्या वर्षी आले. तोवर रोज संध्याकाळी मी अंग चोरून, गादीला पाय न लावता, माझ्या घरात शिरत होते.